न मिटणारा कोबी

आत्याने शिवलेला टोमॅटो पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास त्याच्यावर बसायचा. बसला की आत्याच्या नजरेतून उतरायचा, आणि तिच्या नजरेतून एकदा उतरलेल्या माणसाला पुन्हा वर चढायला जिना नव्हता. औषधांचा दुकानदार असाच उतरला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर उतरले. सख्खा भाऊ तर दोनदा बसला, दुसऱ्यांदा पेपर घेऊन.

खरं सांगायचं तर त्यात माणसांची फारशी चूक नव्हती. टोमॅटो गुडघ्याएवढा उंच होता, लाल मखमलीचा होता, आत गच्च कापूस होता, आणि कुठलंही कुशन माणसाला ‘ये, टेक जरा’ म्हणतं तसा तोही म्हणत होता. आत्याला लहान शिवताच यायचं नाही. उभी हयात सोफे-गाद्यांच्या कारखान्यात खोळी शिवण्यात गेलेली. तिच्या हाताला ठाऊक असलेलं सगळ्यात छोटं माप म्हणजे खुर्चीचं बूड. त्यामुळे तिने टोमॅटो केला तो स्टुलाएवढा, मासा केला तो बाकाएवढा, आणि पाव केला तो पाय ठेवायच्या चौरंगाएवढा. सुरुवात पावापासून झाली, म्हणून आधी पावाचं सांगतो.

कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने उरलंसुरलं कापड कामगारांना न्यायला सांगितलं. इतर बायकांनी शहाणपणा करून पडद्यांचे अख्खे तागे उचलले. आत्याने गाठोडी भरून तुकडे आणले: मखमल, रेक्झिन, अस्तर, जाळी, गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड. ही गाठोडी तिने भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत रचली. ती खोली तिची होती. लग्न तिने केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर ती विचारणाऱ्याकडे अशी बघायची, की त्याला स्वतःच्याच लग्नाविषयी शंका यावी.

तर या भावाची, म्हणजे दादाची, बायको म्हणजे वहिनी. ती घरी पाव भाजायची. रोज भाजायची आणि अभिमानाने भाजायची. पाव असा निघायचा की दादाला तो कापताना टेबलाच्या दांडीला एक पाय लावून जोर घ्यावा लागे. दादा ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरीला होता. दिवसभर जगाचं वजन करून आलेला माणूस घरी कशाच्याच वजनाविषयी बोलत नसे. ते काम आत्या करायची. पण एके दिवशी नुसतं बोलून तिचं समाधान होईना. तेव्हा तिने तपकिरी रेक्झिनचा एक पाव शिवला. वर भाजल्याच्या चिरा, खाली जळका डाग, सगळं यथास्थित. जेवायच्या वेळी तो वहिनीच्या खुर्चीपुढे ठेवला आणि म्हणाली, “हुबेहूब तुझ्या पावासारखा केलाय. फक्त याच्यावर पाय ठेवला तर दुखत नाही.”

म्हणजे आत्याची पहिली कलाकृती हा एक टोमणा होता. वहिनीनेही तो वाया जाऊ दिला नाही. त्या दिवसापासून ती त्याच्यावर दोन्ही पाय ठेवून वाटाणे सोलायला बसू लागली.

टोमण्यासाठी उचललेली सुई मग आत्याच्या हातातून सुटेना. काम करायची तिची एक रीत होती आणि ती रीत म्हणजे तिचा धर्मच म्हणा. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. समोर आहे ते शिवायचं, डोक्यात आहे ते घरी ठेवून यायचं. आणि खुर्चीवर चादर टाकून ज्या भागाचं काम चाललंय तेवढाच उघडा ठेवायचा, म्हणजे कापड मळत नाही आणि नजर सांडत नाही. आत्याने हे जसंच्या तसं भाजीला लावलं. टोमॅटो आणायचा, ताटलीत ठेवायचा, वर रुमाल टाकायचा. रुमालाला मधोमध कातरलेली एक खिडकी, काडेपेटीएवढी. खिडकीत दिसेल तेवढंच मापायचं, वाढवायचं, बेतायचं, शिवायचं. मग ताटली जराशी फिरवायची.

आणि शिवून पुरा होईपर्यंत टोमॅटो बदलायचा नाही. तिला ती लबाडी वाटे. आता स्टुलाएवढा टोमॅटो हाताने शिवायचा म्हणजे दिवस जाणारच, आणि टोमॅटो काही आत्यासाठी थांबून राहणार नाही. डावीकडून सुरुवात झाली तेव्हा तो ताजा, टणटणीत होता. उजवीकडे पोचेपर्यंत सुरकुतला, काळवंडला, बुडातून पाझरू लागला. आत्याचं काय, समोर आहे ते शिवायचं. सुरकुत्यांना जुने मोजे, बुरशीला विंचरलेली लोकर, पाझराला सॅटिनचं अस्तर. अर्धा टोमॅटो बाजारातला, अर्धा उकिरड्यावरचा. यात काही अर्थबिर्थ असेल असं तिच्या मनात चुकूनही आलं नाही.

अर्थ दुसऱ्यांनी आणला. मागच्या खोलीत मासा सुरू झाला तेव्हा जागा हवी म्हणून टोमॅटोची रवानगी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे झाली, तिथल्या बाहेरच्या खोलीत. गावात तेव्हा जुन्या धान्याच्या कोठारात नवं कलादालन निघालं होतं. त्याच्या संचालिकाबाई एके दुपारी सुजलेला गाल धरून डॉक्टरकडे आल्या आणि नंबर लागेपर्यंत टोमॅटोसमोर बसून राहिल्या. दाढ ठणकत असली की माणसाला सगळंच खोल वाटतं. बाईंना त्या टोमॅटोत काळ दिसला.

गाल उतरायच्या आतच त्या घरी आल्या. सोबत वर्तमानपत्रात कलेवर लिहिणारे एक गृहस्थ होते, हाडकुळे, जाड भिंगांचे. गल्लीने त्यांचं नाव लगेच चष्मेवाले सर ठेवलं. कापडाचा मासा तोपर्यंत जेमतेम शेपटीपर्यंत आला होता आणि ताटलीतला खरा मासा त्याच्या बराच पुढे गेला होता. दोघं नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि रुमालाआडून ‘क्षय’, ‘देह’, ‘बाईच्या आयुष्याची शिवण’ असलं काय काय बोलले. आत्या त्यांच्याकडे बघत होती. माशाच्या वासाने ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय त्यांनी त्या पाण्याला भावना समजावं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. शिवाय त्यांतल्या एकालाही माशाच्या कल्ल्याखालची तुरपाई दिसली नव्हती, जिच्यापायी तिची दोन बोटं सोलली होती. दोघंही नजरेतून उतरले.

पण उतरलेल्या माणसांकडेही कधी कधी खोली असते. संचालिकाबाई म्हणाल्या, कोठाराच्या वरच्या मजल्यावर कारागिरासाठी एक काम करायची खोली काढली आहे. भिंतभर खिडकी, पाण्याचा नळ, दाराला आतून कडी. समिती एकाला निवडेल आणि त्याचं काम चालू असेल तोवर खोली त्याची. आत्याने समितीपुढे एक नवीन वस्तू ठेवायची, एवढंच. बाईंनी आत्याचा हात हातात घेऊन सांगितलं की फक्त ते जे आहे ना, ते सडणं, तो काळ, तो तेवढा हवाच.

ही गोष्ट अगदी वेळेवर आली. भाच्याचं, म्हणजे दादाच्या मुलाचं, लग्न ठरलं होतं आणि मागची खोली नव्या जोडप्याला द्यायची हे वहिनीने जाहीर करून टाकलं होतं. आत्यासाठी तिने स्वयंपाकघरामागचा बोळ बघून ठेवला होता. बोळ म्हणजे डबे ठेवायची फडताळं आणि भिंत यांच्यामधली जागा. तिथे शिवणयंत्र ठेवलं तर खुर्ची मावत नाही, खुर्ची ठेवली तर दार उघडत नाही, आणि आत्या आडवी झाली तर सगळं घर उपाशी राहील. कापडाची गाठोडी भंगारवाल्याला द्यावी लागणार होती. म्हणजे हिशेब सरळ होता: समितीने निवडलं तर कडी असलेली खोली, नाही निवडलं तर डबे.

दादाने तिला एकांतात समजावलं. साठीला टेकलेल्या बाईला ‘बेबी’ म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. “बेबी, त्यांच्याशी वाद घालू नकोस. काही विचारलं की तुम्हाला काय दिसतं, एवढंच विचारायचं. ते लोक स्वतःच बोलतात.” हा सल्ला त्याला भाच्याने दिला होता आणि तो उत्तम होता. आत्याने तो एकदा वापरून पाहिला. चष्मेवाले सर पाऊण तास बोलले आणि जाताना, फार समृद्ध झालो, म्हणाले.

आत्याने कोबी निवडला. पानाआड पान, शिरेआड शीर, नुसता बघूनच एरवीच्या शिवणाऱ्याला घाम फुटावा असा. करायचा तो आरामखुर्चीएवढा. बाहेरच्या पानांचे वेढे एकेक करत शिवत यायचं आणि सगळ्यात शेवटचं पान पहिल्या पानाच्या कडेखाली सरकवून मिटवायचं. तिथे शेवटचा टाका.

वहिनीने एकच गोष्ट सांगितली. मुलीकडचे जेवायला येणार आहेत, घरात माशासारखा वास चालणार नाही. आत्या म्हणाली, कोबी शेवटी शेवटीच वास मारतो. यावर वहिनी काहीच बोलली नाही. वहिनी गप्प झाली म्हणजे तिने काहीतरी ठरवलेलं असतं, हे कळायला फार तीक्ष्ण नजर लागत नाही. पण आत्या त्या वेळी दोरा ओवत होती.

काम सुरू झालं. हिरवी मलमल, पोपटी अस्तर, शिरांना आतून सुतळी. आत्या सकाळी न्याहारी करून बसायची ती अंधार पडेपर्यंत खिडकीच्या रुमालावर वाकलेली. मुलीकडचे आले, जेवले, घर किती स्वच्छ आहे म्हणाले, गेले. आत्याने मान वर करून फक्त मुलीच्या आईच्या कोटाची बाही वाकडी बसवलीय एवढं पाहिलं आणि त्या घराण्याविषयीचं मत बनवून टाकलं.

त्या दिवसांत रात्रीच्या जेवणाला कोबीचं सूप असायचं. पुन्हा कोबीचं सूप. मग कोबीची कोशिंबीर आणि कोबीचं सूप. आत्याने एकदा विचारलं, घरात दुसरी भाजी करायची बंदी आहे का. वहिनी म्हणाली, सध्या बाजारात कोबीच चांगला येतोय. आत्या म्हणाली, मग तो बाजारातच राहू द्यायचा, इथे आणून त्याचे हे हाल कशाला. मीठ कमी आहे. दादा खाली मान घालून खात राहिला.

एका गोष्टीने मात्र आत्या बेचैन होती. कोबी सडेना. मोज्यांची चळत, विंचरलेली लोकर, तपकिरी सॅटिन, काळासाठी लागणारं सगळं सामान तिने हाताशी काढून ठेवलं होतं आणि काळाचा पत्ता नव्हता. रोज खिडकीत तेच हिरवं, टवटवीत पान. तिने आधी थंडीला श्रेय दिलं. मग भाजीवाल्याला. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बरा माल दिला असं तिला वाटलं आणि रस्त्यात दिसला तेव्हा तिने त्याला ओळख दाखवली. तो बिचारा दचकला. मग तिने कोबीलाच दोन शब्द सुनावले, की मेल्या, तुझ्यावर माझी खोली अवलंबून आहे. कोबीने मनावर घेतलं नाही. आणि समोर आहे ते शिवायचं, म्हणून आत्या हिरवंच शिवत गेली.

समिती बघायला यायची त्याच्या आदल्या दुपारी शेवटचं पान लावायचं होतं. आत्याने ते कच्च्या टाक्याने टाचलं, कड धरली आणि पहिल्या पानाकडे ओढली. पोचेना. कापूस दाबला, पुन्हा ओढली. चांगला कोपरापर्यंत हात आत जाईल एवढी फट. तिने मापं पुन्हा घेतली. बरोबर. मलमल आटली असेल म्हणून पट्टी लावली. आटली नव्हती. मग ती दोन पावलं मागे झाली आणि अख्ख्या कोबीकडे प्रथमच सलग बघितलं. इथून निघालेली शीर तिथे दुसऱ्याच शिरेला भेटत होती. एका पानाची घडी डावीकडे, त्याच पानाची पुढची घडी उजवीकडे. कुठे पानं घट्ट, कुठे सैल. एक कोबी नव्हताच तो. कोबींची सभा भरली होती आणि कुणाचंच कुणाशी पटत नव्हतं.

तिने ताटलीवरचा रुमाल काढला. खाली कोबी बसला होता, कोवळा, टणक, अंगावर पाण्याचे थेंब. देठ सकाळी कापल्यासारखा पांढरा.

ताटली घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी भांड्यात पळी फिरवत होती.

“वहिनी, हा कोबी कुणाचा?”

“भाजीवाल्याचा.”

“माझा कुठाय?”

“तुम्ही खाल्लात,” वहिनी म्हणाली. पळी थांबली नाही. “कालचा काल खाल्लात, परवाचा परवा. मीठ कमी आहे म्हणालात.”

वहिनीने झाकण ठेवलं, हात पुसले, आणि इतकी वर्षं एका टेबलाशी बसून तिने जे गिळलं होतं ते तिथल्या तिथे ताटात वाढलं. माशाच्या वेळी मी आठवडाभर नाकाला फडकं बांधून रांधलं, म्हणाली. रोज सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की मी कोबी बदलायची. तेवढ्याच मापाचा बघून आणायची, वर तुमचा रुमाल होता तसा टाकायची. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी पकडली जाईन. दाराशी उभी राहून बघत होते मी.

“तुम्ही आलात, रुमालातून बघितलंत, आणि टाका घातलात,” वहिनी म्हणाली. “एका टेबलाशी बसून आम्ही सगळे तुमच्या या नजरेला घाबरतो, आत्याबाई. आणि तुम्हाला कोबी ओळखू येत नाही.”

आत्याने ताटली ओट्यावर ठेवली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिने सुपाविषयी काही म्हटलं नाही, आणि दादाला वाटलं तिला बरं नाही.

दादाला सगळं कळलं तेव्हा तो आला आणि मशीनला टेकून उभा राहिला. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पुन्हा शिवायला वेळ नाही. आहे तसाच ने. त्यांना फटीतसुद्धा काहीतरी दिसेल. टोमॅटोत दिसलं, फटीत का नाही दिसणार? तू फक्त ते ठरलेलं वाक्य म्हण. आत्याला हे पटलं, आणि पटलं याचाच तिला राग आला. त्या लोकांची तिने इतकी नालस्ती केली होती की ते फसतील याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोठाराच्या मोठ्या खोलीत, उजेडाच्या चौकोनात, कोबी ठेवला गेला. समितीचे लोक कोबीभोवती हळू चालत फिरले. कोठारात असं चालायची पद्धत होती. मोठ्याने पाय टाकला तर कला उठून बसेल. चष्मेवाले सर पुन्हा पुन्हा मागच्या बाजूला जाऊन येत होते, रेल्वे आली का बघावं तसे. त्यांना सडणं सापडत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरत चालला तशी आत्या मनातल्या मनात ती भिंतभर खिडकी, तो नळ आणि ती आतली कडी एकेक करून परत करू लागली.

तेवढ्यात संचालिकाबाईंना फट दिसली. त्या थबकल्या. त्यांनी अंगठ्या काढून सहकाऱ्याकडे दिल्या, बाही वर सारली आणि हात आत घातला, थेट कोपरापर्यंत. मग डोळे मिटले.

“हे न मिटणं,” बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “हे तुम्ही मुद्दाम ठेवलंत ना?”

दादा दारापाशी उभा होता. त्याचे ओठ हलले, ‘तुम्हाला काय दिसतं’. आत्याच्या जिभेवर ते वाक्य तयारच होतं. खोटं बोलायला तिची काही हरकत नव्हती. कारखान्यात मालकाशी ती रोज बोलत असे. पण ती त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होती, कापसात कोपरापर्यंत रुतलेल्या हाताकडे बघत होती, आणि तिला असा काही तिटकारा आला की बस. ज्या शिवणीबद्दल कारखान्यात तिने शिकाऊ पोरीच्या कानाखाली काढली असती, त्या शिवणीला ही बाई गोंजारत होती. होय म्हटलं तर आत्याला उरलेलं आयुष्य या बाईच्या रांगेत उभं राहावं लागणार होतं, तिच्यासारखेच डोळे मिटून. आणि कालपासून तिला स्वतःच्या डोळ्यांचा तसाही भरवसा वाटत नव्हता.

“नाही,” आत्या म्हणाली. “ते चुकलंय. कोबी बदलत होता आणि मला दिसलं नाही.”

संचालिकाबाईंनी डोळे उघडले. त्या तरीही मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. चूक, अपघात, अशा दिशेने त्या निघाल्याही होत्या. पण चष्मेवाले सर मध्ये आले. त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी हळू विचारलं, “म्हणजे तो टोमॅटो. त्याचं ते सडणं?”

“टोमॅटो सडला होता,” आत्या म्हणाली.

एवढं पुरलं. सरांनी टोमॅटोवर अडीच पानं लिहिली होती आणि ती छापून आली होती. माणसाला दुसऱ्याने फसवलेलं एक वेळ चालतं, पण आपल्याला कुणी फसवलंच नव्हतं हे कळणं फार कठीण जातं. समितीने आत्याचे आभार मानले, तेही हळू. वरच्या मजल्यावरची खोली पुढे एका उंच गृहस्थांना मिळाली. ते शिड्यांना लोकरीचे कपडे विणून घालतात. आत्याने जाताना त्यांची एक शिडी पाहिली, बोटाने विणीचं एक घर ओढून सोडलं आणि बाहेर पडली. कुणाला नजरेतून उतरवायचं तर ती नजर तरी वर असायला हवी, आणि ती आता नव्हती.

कोबी घरी आणायला दादाने ओळखीचा ट्रक बोलावला. वाटेत वजनकाटा लागला तेव्हा त्याला राहवलं नाही, त्याने ट्रक वरून नेला. काट्याला कोबी कळलाच नाही. ही गोष्ट त्याने हसून सांगितली आणि मग सांगितल्याबद्दल त्याला वाईट वाटलं.

लग्न झालं. मागच्या खोलीला नवे पडदे लागले. त्यांची दुमड एका बाजूला बोटभर जास्त आहे हे आत्याने कुणाला सांगितलं नाही, निदान चार दिवस सांगितलं नाही. ती बोळात आली. गाठोडी भंगारवाल्याने नेली, त्यातलं एकच तिने मांडीखाली लपवलं. आरामखुर्चीएवढा कोबी बोळाच्या दारातून आत जाईना. मग तिने तो परसात बसून उसवला, टाका टाका, आणि कापूस घरातल्या सगळ्या उशांत भरला. उशा इतक्या फुगल्या की दादाची मान आखडली.

शिवणयंत्र बोळात गेलं आणि खुर्ची बाहेर राहिली. आत्या डब्यावर बसून शिवू लागली. इतक्या जागेत काही मोठं शिवणं शक्य नव्हतं, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा होता तेवढाच कोबी शिवायला घेतला, खऱ्याच्या मापाचा. बारीक सुई तिच्या बोटांना सापडेना. अंगुस्तान घसरायचं. मागे हाताच्या अंतरावर वहिनी रांधायची, गरम भांडं घेऊन तिच्या डोक्यावरून फडताळाकडे जायची आणि दर वेळी पाय आवरा म्हणायची. आत्या दर वेळी पाय आवरायची आणि भांड्यात काय जळलंय ते सांगायची.

या वेळी तिने एक बंदोबस्त केला होता. खऱ्या कोबीच्या देठाजवळच्या पानात तिने लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला. रोज सकाळी शिवायला बसण्याआधी ती अख्खा रुमाल उचलायची, टाका बघायची आणि मगच खिडकीतून बघायला लागायची. पहिली पानं हिरवी शिवून झाली. मग कोबी जरा मऊ पडू लागला, कडेला पिवळा झाला. बोळात वास आला. वहिनी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने रुमाल उचलला. कोबी बरा दिसत होता. देठाजवळ लाल टाका होता. तिने सुई उचलली, खाली ठेवली, चष्मा लावला आणि देठ डोळ्यांशी नेला.

“वहिनी,” ती डब्यावरूनच म्हणाली. आवाज चढवायची गरज नव्हती. “गाठ आतून मारतात. अशी वरून मारली की आंधळ्यालाही दिसते.”

मागे पळी थांबली.

“म्हणजे तुम्हाला दिसली,” वहिनी म्हणाली.

आत्याने कात्रीच्या टोकाने तो टाका कापला, दोरा उपसून काढला आणि कोबी फडताळावर वहिनीच्या बाजूला सरकवला. “माझा चिरलास?”

“अर्धा. बाकीचा भिजत घातलाय.”

“तो राहिलेला अर्धा आण इकडे,” आत्या म्हणाली, आणि रिकामी ताटली मागे धरली.